शेवटच्या रांगेतला शेरा

आर्किटेक्चर शिकणारी मुलं हल्ली कॅमेरे घेऊन भोपाळला येतात. टेकडीच्या उतारावरच्या त्या सभागृहासमोर मान वर करून उभी राहतात आणि काय हे धाडस, असं एकमेकांना म्हणतात. त्या वेळच्या कचेरीतला जिवंत उरलेला मी एकटाच, म्हणून कुणीतरी त्यांना माझा पत्ता देतं. मी त्यांना चहा पाजतो आणि ठरलेल्या चार गोष्टी सांगतो. भिंतींना बाहेरून गिलावा का नाही, काँक्रीटवर फळ्यांच्या शिरा मुद्दाम कशा उमटवल्या, नऊशे माणसांच्या डोक्यावरचं छत मधे एकही खांब न घालता कसं तोललं. मुलं भराभर लिहून घेतात. कुणी छताच्या आतल्या बाजूबद्दल विचारलं, की मला दुसरं काम आठवतं.

नकाशे कुणी काढले, हे मात्र कुणी विचारत नाही. दिल्लीच्या आर्किटेक्ट साहेबांचं नाव सगळ्यांना पाठ असतं. साहेबांनी पाच-सहा कागदांवर जाड पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या हे खरं, आणि त्या रेघा देखण्या होत्या हेही खरं. पण त्या रेघांवरून गवंड्याला, सुताराला, लोहाराला कळतील असे तीनशे बारा नकाशे काढले ते काशिनाथ मोहरीलांनी. त्यातले शंभरेक मी ट्रेस केले. मोहरीलांना जाऊन आता सोळा वर्षं झाली. मी त्यांच्यावर अजून चिडलेलो आहे, आणि त्यांची आठवण झाली नाही असा आठवडा जात नाही.

आम्ही दोघं नागपूरचे. छप्पन्न साली राज्यांची मोडतोड झाली आणि नागपूरची राजधानी गेली. सचिवालयातली कपाटं, फायली, टाइपरायटर, माणसं, सगळ्यांची वाटणी सुरू झाली. मराठी कर्मचारी बहुतेक मुंबई राज्याकडे गेले. काही जणांना मात्र कुठे जायचं ते लिहून द्यायला सांगितलं होतं. मी चोवीस वर्षांचा, सडाफटिंग, अच्युत पात्रीकर नावाचा साधा ट्रेसर, म्हणजे दुसऱ्यांचे नकाशे गिरवणारा. मला कुठेही पाठवलं तरी माझी ट्रंक एकच होती. पण काशिनाथभाऊ अडतीस वर्षांचे, ड्राफ्ट्समन म्हणून नाव असलेले, महालात स्वतःचं घर. त्यांनी भोपाळ का लिहिलं, ते कुणालाच कळेना.

मी विचारलं तर म्हणाले, "नागपुरात आता काढायला काय उरलं? जुन्या कचेऱ्यांच्या मोऱ्या? तिकडे अख्खी राजधानी उभी करायची आहे, अच्युत."

हे अर्धं कारण होतं. उरलेलं अर्धं मला पुढे त्यांच्या बायकोने, रत्नप्रभावहिनींनी सांगितलं. वहिनी गायच्या. हळदीकुंकवाला आग्रह झाला की दोन पदं म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सीताबर्डीवर एका गुरुजींकडे अकरा वर्षं ख्याल शिकल्या होत्या. गणेशोत्सवात त्यांच्या बैठका व्हायच्या आणि लोक सतरंजीवर जागा धरून बसायचे. मूलबाळ झालं नाही, त्यावरून सासरच्या बायका बोलायच्या, पण गाणं सुरू झालं की त्याही गप्प बसायच्या. वहिनींना नागपूर सोडायचं नव्हतं. तेव्हा काशिनाथभाऊ त्यांना म्हणाले होते, "तिथे फक्त गाण्यासाठी एक सभागृह बांधायचं चाललंय. साहेबांच्या तोंडून ऐकलंय मी. माइक नाही, भोंगे नाहीत, नुसता गळा. नकाशे माझ्याच टेबलावर येतील. त्याचं उद्घाटन होईल त्या दिवशी तू त्यात गाशील. हा माझा शब्द."

हा माणूस सहसा शब्द देत नसे. कुणी चार दिवसांत नकाशा मागितला तर सहा म्हणायचा आणि पाचव्या दिवशी आणून द्यायचा. म्हणून वहिनींनी विश्वास ठेवला आणि तंबोरा गोधडीत गुंडाळून गाडीत बसल्या.

भोपाळात पहिलं दीड वर्ष बरॅकीत गेलं. लांबलचक कौलारू शेड, मधे पोत्यांचे आणि पत्र्यांचे आडोसे, एका आडोशात एक कुटुंब. शेजाऱ्याने ढेकर दिला तर इकडे कळायचं की आज त्याच्याकडे मुळा होता. तिथे गाणार कसं? वहिनी पहाटे तोंडाशी पदर धरून सूर लावायच्या. पुढे टी. टी. नगरात क्वार्टर मिळालं, तरी भिंती पातळच. एकदा मी म्हणालो, "वहिनी, जरा मोकळं गा ना." त्या म्हणाल्या, "मोकळं तिथेच गाईन, यांच्या हॉलमध्ये. तोवर गळा मिटून ठेवलाय."

अठ्ठावन्न साली टेकडीच्या उतारावर पाया खणायला सुरुवात झाली. सरकारने त्यासाठी वेगळी प्रकल्प कचेरी काढली आणि आम्हा दोघांना तिथे टाकलं. काशिनाथभाऊंचा तो सगळ्यात सुखाचा काळ. सभागृहाची जमिनीवरची आखणी पंख्यासारखी होती, दांड्याच्या जागी रंगमंच आणि पात्याच्या जागी तीस रांगा. उतार होताच, म्हणून रांगा टेकडीच्या चढावरच बसवल्या. वरचं काँक्रीटचं छत रंगमंचावर अरुंद आणि मागे रुंद, कडा वर वळलेल्या. गावातले लोक ते बघून त्याला 'सूपडा' म्हणायला लागले. अजूनही रिक्षावाल्याला सभागृह सांगितलं तर कळत नाही, सूपडा सांगितलं की बसा म्हणतो. जाणारे-येणारे थांबून विचारायचे, प्लास्टर कधी होणार. होणार नाही म्हटलं की त्यांना आमची कीव यायची.

पण खरी करामत आत होती. काँक्रीटच्या छताखाली साहेबांनी सागवानी फळ्यांचं दुसरं छत योजलं होतं, पायऱ्या उलट्या टांगाव्यात तसं. प्रत्येक पायरी वेगळ्या कोनात. रंगमंचावरचा आवाज पहिल्या पायरीवर आपटून मागच्या रांगांत पडायचा, दुसरीवर आपटून त्याच्याही मागे, असं करत तिसाव्या रांगेपर्यंत. त्या पायऱ्यांचे कोन काशिनाथभाऊंनी महिनाभर खपून काढले. कागदावर रंगमंचापासून रेघा ओढायच्या, छताला भिडवायच्या, तिथून खाली आणायच्या. दर रेघ कुठल्या रांगेत पडते, ते बघायचं. एकदा मी विचारलं, ही रेघ म्हणजे नक्की काय? म्हणाले, "तुझ्या वहिनीचा षड्ज."

पुढे लाकडाने घात केला. जंगलातून आलेलं सागवान ओलं होतं, ते वाळायला वर्ष लागलं असतं. उद्घाटनाची तारीख तर ठरून बसलेली, एकसष्टचा एक नोव्हेंबर, राज्याचा वाढदिवस. आमचे वरिष्ठ माथुरसाहेब यांनी ठरवलं की लाकूड सोडा, तारेच्या जाळीवर गिलाव्याचं छत करा. आकार तोच ठेवायचा. दिल्लीच्या साहेबांनी पत्राने कुरकुर केली आणि शेवटी अट घातली, की पायऱ्या नकाशाबरहुकूम हव्यात आणि उद्घाटनाआधी माणसाच्या आवाजाने परीक्षा व्हावी.

गिलाव्याचं काम जुन्या शहरातल्या बशारत मियाँकडे गेलं. हवेल्यांच्या छतांवर बापजाद्यांपासून काम केलेला माणूस. त्याच्या हातात काय जादू होती, ते बघायलाच हवं. अर्धं छत झाल्यावर त्याने काशिनाथभाऊंना परांचीवर, म्हणजे उंच बांधलेल्या बांबूच्या माचीवर बोलावलं. मीही मागोमाग चढलो. त्याने पायरीच्या धारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मोहरील बाबू, ये कोने आँख में चुभते हैं. लगता है काम अधूरा छोड़ दिया. कहो तो थोड़ा गोल कर दूँ? एक लहर हो जाएगी, ऊपर से नीचे तक."

काशिनाथभाऊंनी मान वर करून बघितलं. एक धार बशारत मियाँने नमुन्यादाखल गोल करून ठेवलीच होती. खरंच सुंदर दिसत होती. जन्मभर सरळ रेघा मारलेल्या माणसाला त्या वळणाची भूल पडली असावी, किंवा इतक्या मोठ्या कारागिराला नाही म्हणणं त्यांना जमलं नसावं. ते म्हणाले, "कर दीजिए." ना दिल्लीला पत्र, ना माथुरसाहेबांना विचारणं. सहा पायऱ्या होत्या, त्यांची एक मोठी लाट झाली.

मीही तिथेच होतो. मलाही छानच वाटलं.

सप्टेंबरात परीक्षा ठरली. दिल्लीहून लिहून आलं होतं की रिकामं सभागृह चालणार नाही, माणसं आवाज पितात, तेव्हा खुर्च्या भरलेल्या हव्यात. आत वीज धड नव्हती, पायऱ्यांना कठडे नव्हते, नऊशे माणसं आणायची कुठून? मग गिरणीतला टाकाऊ कापूस भरून नऊशे पोती शिवली आणि दर खुर्चीवर एक पोतं बसवलं. मजूर हसून बेजार. कुणीतरी पहिल्या रांगेतल्या पोत्याला पगडी बांधली आणि सगळे त्याला माथुरसाहेब म्हणायला लागले. आता प्रश्न होता की गायचं कुणी. काशिनाथभाऊंनी बायकोचं नाव सुचवलं. माथुरसाहेब म्हणाले, "बुलाइए. अच्छा गाया तो उद्घाटन में भी रख लेंगे."

काशिनाथभाऊंनी ते घरी जसंच्या तसं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो.

वहिनी दुपारी टांग्यातून आल्या. अंजिरी टसर नेसलेल्या, अंबाड्यात शेवंती, मांडीवर तंबोरा. रंगमंचावर पोचल्या आणि समोर बघून थबकल्या. तीस रांगा पोती, सगळी त्यांच्याकडे तोंड करून. मला म्हणाल्या, "हे कोण?"

"श्रोते," मी म्हणालो.

"बरे आहेत. मधेच उठून जायचे नाहीत."

त्या हसल्या. त्यानंतर त्यांना इतकं मनापासून हसताना मी पाहिलं नाही.

काशिनाथभाऊ बाराव्या रांगेत बसले, पोतं उचलून मांडीवर घेऊन. मी वही-पेन्सिल घेऊन तिसाव्या रांगेत. माथुरसाहेब दाराशी उभे. वहिनींनी भीमपलास सुरू केला. पाच वर्षं मिटून ठेवलेला गळा त्यांनी उघडला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मान ताठ, डोळे मिटलेले, हात मोकळा सुटलेला. दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. म्हणजे काहीतरी येत होतं. एक सूर यायचा, त्याच्यावर आधीचा सूर परत येऊन पडायचा, दोन्हींचा गोळा व्हायचा. बंदिशीतला एकही शब्द कळेना. विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं आणि आपण काठावर उभं असावं, तसं झालं होतं. मी वहीत लिहिलं, 'रांग तीस. स्वर अस्पष्ट. शब्द कळत नाहीत.' आणि वेळ टाकली, तीन वाजून दहा.

गाणं संपलं. वहिनींनी डोळे उघडले आणि लांब माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. ओठ हललेले दिसले. झालं का, असं विचारत असतील असं समजून मी हात वर करून जोरात हलवला. त्यांनी समाधानाने तंबोरा आडवा ठेवला.

पुढे कळलं, त्यांनी विचारलं होतं, "मागे ऐकू आलं का?"

काशिनाथभाऊ बाराव्या रांगेतून उठले तेव्हा चष्मा पुसत होते. मी मागून उतरून आलो आणि वही दाखवली. त्यांनी वाचलं, मग छताकडे बघितलं. नुसतं बघूनच त्यांना कळलं. एवढा मोठा गोल पृष्ठभाग आवाज गोळा करून एकाच जागी टाकणार, मागच्यांना खरकटं मिळणार. रेघा ओढण्यात हा माणूस हुशार होता, बशारत मियाँला हो म्हणताना मात्र एकही रेघ ओढली नाही. त्या लाटेखाली आवाज गोळा होण्याची जागा होती बारावी रांग.

दुसऱ्या दिवशी माथुरसाहेबांनी आम्हाला आत बोलावलं. वही टेबलावर होती. ते आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. शांतपणे म्हणाले, "देखिए मोहरील बाबू, या तो छत कमज़ोर है, या आवाज़ कमज़ोर है. छत लिखेंगे तो ये भी लिखना पड़ेगा कि नक़्शे के ख़िलाफ़ किसने पास की. और सीनियॉरिटी की लिस्ट अभी बनी नहीं है."

ही लिस्ट म्हणजे त्या काळातलं आमचं गंडांतर. चार राज्यांचे नोकर एका खात्यात कोंबलेले. ग्वाल्हेरकडचा वर की जबलपूरकडचा, रीव्याचा वर की इथला, याच्या याद्या वर्षानुवर्षं चालल्या होत्या. एक शेरा पडला की माणूस तीस नावं खाली. नागपूरची आम्ही मूठभर माणसं, आमची बाजू घेणारं वर कुणी नव्हतं.

मग साहेब माझ्याकडे वळले. "ये आपने लिखा है? आपका कान पक्का है?"

मी म्हणालो, "नहीं सर. मैं गाना-वाना नहीं समझता."

हे माझं वाक्य. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

अहवाल टाइप होऊन आला. सभागृह ध्वनीच्या दृष्टीने निर्दोष. परीक्षेसाठी बोलावलेल्या गायिकेचा आवाज सभागृहास अपुरा. काशिनाथभाऊंनी तो दोनदा वाचला, शाईच्या पेनचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं आणि सही केली. सही करताना त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. नकाशाच्या कोपऱ्यात यायचं तसं.

घरी त्यांनी सांगितलं की उद्घाटनाला बाहेरगावची मंडळी वरूनच ठरली आहेत. वहिनी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी." उद्घाटन थाटात झालं. उगाच धोका नको म्हणून आयोजकांनी आदल्याच दिवशी रंगमंचावर चार माइक आणि भिंतींवर भोंगे लावले. विना-माइकच्या सभागृहात पहिलं गाणं माइकवर झालं आणि तिसाव्या रांगेत व्यवस्थित ऐकू आलं. वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "माइकच लावायचा होता, तर मग..."

असंच राहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. त्रेसष्ट साली आमच्या मराठी मंडळाने वर्धापनदिनासाठी सभागृह मागितलं. अर्जात कलाकारांची नावं द्यावी लागत. मंडळाचे सेक्रेटरी गोपीनाथ घटाटे यांनी हौसेने सौ. रत्नप्रभा मोहरील, शास्त्रीय गायन, असं लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. इतर कार्यक्रमांस परवानगी, पण सदर गायिकेचा आवाज सभागृहास अपुरा असल्याचं परीक्षेत सिद्ध झालेलं असल्याने त्यांच्याऐवजी दुसरा कलाकार सुचवावा. आणि पुरावा म्हणून कचेरीने मूळ अहवालाची नक्कल जोडली होती, सहीसकट. सरकारी कारकून एखाद्या वेळी काम चोख करतो आणि नेमका तेव्हाच घात होतो.

घटाटे भोळा माणूस. काहीतरी गफलत झालीय म्हणून तो कागद घेऊन रविवारी सकाळी थेट क्वार्टरवर आला. मीही चहाला तिथेच होतो. वहिनींनी कागद वाचला. दुसरं पान उलटलं. घटाटे बोलत होता तो एकाएकी थांबला आणि चपला घालून निघून गेला.

वहिनींनी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही कुठे बसला होतात?"

"बाराव्या रांगेत."

"तिथे ऐकू येत नव्हतं?"

काशिनाथभाऊंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तिथे फार सुंदर ऐकू येत होतं. इतकं चांगलं तू कधीच गायली नव्हतीस."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही तर हात हलवला होता, भावजी."

मी खाली बघितलं. काशिनाथभाऊंनी मग सगळं सांगून टाकलं, माची, बशारत मियाँ, लाट, लिस्ट. वहिनींनी ऐकून घेतलं. रडणं नाही, भांडण नाही. म्हणाल्या, "मग तसं लिहून द्या. जिथे हे लिहिलंय तिथेच लिहा. त्या दिवशी मी तंबोरा जुळवीन."

त्यांनी एवढंच मागितलं होतं. एक अर्ज, चार ओळींचा.

काशिनाथभाऊ लिहितो म्हणाले. आधी लिस्ट लागू दे म्हणाले. लिस्ट लागली सहासष्टला. मग हेड ड्राफ्ट्समनची बढती जवळ आली होती. ती मिळाल्यावर खात्यात कसलीशी चौकशी चालू होती, त्या धामधुमीत नको. मग म्हणाले, निवृत्त होतो, मग कुणाचं भय नाही. दरवेळी त्यांच्याकडे कारण असायचं आणि दरवेळी ते खरं असायचं. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. कारण अर्ज झाला असता, तर तिसाव्या रांगेतला माणूस म्हणून मलाही बोलावलं असतं.

वहिनी संसारात कुठे कमी पडल्या नाहीत. स्वयंपाक, पाहुणे, पापड, सगळं वेळेवर. नवऱ्याशी बोलायच्याही, रॉकेल संपलं, दूधवाला पाणी घालतो, नागपूरचं पत्र आलं. पण गुणगुणणंसुद्धा बंद झालं. आरतीला फक्त टाळ्या वाजवायच्या. चौदा वर्षं तंबोरा खोलीच्या कोपऱ्यात उभा होता, त्याची गवसणी त्या दर दिवाळीला धुऊन परत घालायच्या. त्यांनी थयथयाट केला असता तर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी अर्ज नेऊन दिला असता, असं मला वाटतं. पण मागून घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदा मागितलं होतं, तेवढं पुरे.

काशिनाथभाऊ शहात्तरच्या ऑक्टोबरात निवृत्त झाले. पेन्शनचे कागद हातात येईपर्यंत थांबू म्हणाले. फेब्रुवारीत वहिनींना कावीळ झाली आणि अकराव्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्यानंतरच्या सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात अर्ज. रात्रभर बसून ठळक सरळ अक्षरात लिहिलेला. सभागृहाच्या छताचा गिलावा नकाशाविरुद्ध गोल करण्याची परवानगी मी दिली. दोष छताचा आहे. गायिकेचा आवाज उत्तम होता. मी सही केलेला अहवाल खोटा आहे. खाली नाव. "मूळ फायलीला लावायचा आहे," म्हणाले. "चल."

रेकॉर्डच्या खोलीतला कारकून चांगला होता. त्याने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं, आणि म्हणाला, "दादा, वो फाइल तो दो साल पहले नष्ट हो गई. दस साल की मियाद थी."

काशिनाथभाऊंना कळेचना. "पण अर्ज लावायचा आहे," ते मराठीतच म्हणाले. मग हिंदीत, "तो फिर ये किसमें लगाऊँ?"

कारकुनाने खांदे उडवले. त्याचा काय दोष?

तिथून आम्ही बाहेर पडलो. मला वाटलं घरी चाललोय, पण त्यांनी टेकडीची वाट धरली. सूपड्याचा चौकीदार ओळखीचा होता. दुपार होती, आत कुणी नव्हतं, दारांतून येणाऱ्या उजेडात खुर्च्यांच्या रांगा दिसत होत्या. काशिनाथभाऊ म्हणाले, "तू वर जा. तिसाव्या रांगेत. तुझ्या जागेवर."

मी म्हणालो, "भाऊ, रिकामं सभागृह आहे. अशी परीक्षा धरत नाहीत."

"तेव्हा तरी कोण होतं?"

मी चढून वर गेलो. पंचेचाळीस वर्षांचा झालो होतो, धाप लागली. ते रंगमंचावर, वहिनी बसल्या होत्या त्या जागी उभे राहिले. काठीवरचा माइक कापड बांधून झाकून ठेवलेला, तो त्यांनी बाजूला सरकवला. खिशातून अर्ज काढला आणि वाचायला लागले. चांगले खणखणीत वाचत असावेत, मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. माझ्यापर्यंत आला तो नुसता घुमारा. एक अक्षर सुटं होऊन आलं नाही. तो अर्ज मी सकाळी वाचला नसता, तर हा म्हातारा तिथे उभा राहून काय ओरडतोय, ते मला कधीच कळलं नसतं.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली केला आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. या वेळी मला प्रश्न ठाऊक होता. मी हात हलवला नाही. रांगा उतरत खाली गेलो, अगदी रंगमंचाच्या कडेपर्यंत, आणि त्यांच्या समोर उभा राहून म्हणालो, "नाही आलं, भाऊ."

"एकही शब्द?"

"एकही नाही."

त्यांनी मान डोलावली. कित्येक वर्षांनी त्यांचा चेहरा सैल पडला. मग खिशातलं पेन काढून माझ्यापुढे केलं, अर्ज उलटा केला आणि कोरी बाजू वर धरली. "लिही," म्हणाले. "रांग तीस. आणि वेळ टाक."

मी लिहून दिलं. खाली या वेळी माझी सही केली. त्यांनी तो कागद घरी नेऊन तंबोऱ्याच्या गवसणीत ठेवला, आणि दोन वर्षांनी ते गेले तेव्हा तो तिथेच होता.